म्हाळू आबांच्या बसण्याची घोंगडी

मित्रांनो, आष्टीकडच्या एका बंद घरात खुंटीला अडकवलेली मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. मी मेंढपाळ म्हाळू आबांच्याच मेंढ्यांच्या लोकरीची. विणून झाल्यावर घोंगड्या विणणाऱ्या सनगराने मला चिंचोक्याची खळ लावली, तेव्हा मी पत्र्यासारखी ताठ होते. आबांच्या खांद्यावर राहून मऊ झाले.

कितीतरी पाऊस मी अंगावर घेतला. नुकती जन्मलेली कोकरं उबेला घेतली. मग एका वर्षी आबा माझी चौघडी करून तिच्यावर बसू लागले. साध्या जमिनीवर बसणं त्यांना सोसेना. शौचाला रक्त पडत होतं. मूळव्याध समजून ते वर्षभर झाडपाला घेत राहिले.

शेवटी त्यांची लेक उज्ज्वला त्यांना शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. गुदाशयाचा कॅन्सर निघाला, बराच वाढलेला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या आधीचे दोन मार्ग सांगितले. एकात पाच-सहा आठवडे किरणांचा रोज थोडा शेक आणि सोबत गोळ्या. दुसऱ्यात जास्त जोराचा शेक पाचच दिवस, पण त्यानंतर काही महिने केमो. गाठ आकसली की मग ऑपरेशन. कोणताही मार्ग घ्या, त्या म्हणाल्या, पण अर्ध्यावर सोडू नका.

“सहा आठवडे मेंढरं काय तुमच्या व्हरांड्यात बांधू?” आबा म्हणाले. बाईंना हसू आलं. पाच दिवसांचा शेक ठरला. आबा आत जात, तेव्हा मी उज्ज्वलाच्या मांडीवर असे.

केमोची पहिली तारीख आली, तोवर रक्त थांबलं होतं. मेंढीच्या जखमेतलं रक्त थांबलं की तिला कळपात सोडायचं, हे आबा जन्मभर करत आले होते.

“रगत थांबलं, उज्ज्वले. आता कशापायी जायाचं?”

वडवणीच्या एका शेतकऱ्याला शेतात खतासाठी मेंढ्या बसवायचा शब्द त्यांनी दिला होता. उज्ज्वलाने दवाखान्याचा कागद पिशवीत परत ठेवला. मग म्हणाली, “बरं आबा. मेंढ्या बसवून या, मग जाऊ.”

एका शेतातून दुसऱ्या शेतात करत ते सहा महिन्यांनी परतले. तोवर आजार यकृतात पोचला होता. ऑपरेशन झालंच नाही.

आता कळप नाही, आबाही नाहीत. मला कुणी पांघरत नाही. कधीमधी उज्ज्वला येते, कुलूप काढते, मला झटकून माझी चौघडी करते. माझ्यावर बसत मात्र नाही. समोर जमिनीवर बसते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अशी घडी करून बसू लागलं, तर का ते विचारा. आणि रक्त थांबलं तरी पुढच्या तारखेला त्यांना घेऊन जा. ते नको म्हणतील. वाटेत बसायला काहीतरी मऊ सोबत असू द्या.