पंखा फिरत होता, पण मी उठलो नव्हतो

शेठ, सकीनाबेननी मला बिघडवलं नाही. तुम्ही बिघडवलंत. हे तुम्हाला पक्कं माहीत आहे आणि तरी तुम्ही तोंड मिटून बसला आहात. म्हणून आता मी बोलतो.

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं की आत जी मोठी, रेघारेघांची पाटी दिसते, ती मी. शाळेत तुम्हाला शिकवतात की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. शिकवू द्या. तो मेंदू ज्याच्या खांद्यावर बसतो त्याचं नाव परीक्षेत कोणी विचारत नाही.

दूर देशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथेच माझ्या अंगावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये माझी पहिली अक्कल भरली गेली. तिला बायोस म्हणतात. वीज आली की सगळ्यांच्या आधी ती जागी होते आणि माझ्यावर कोण बसलंय ते ओळखते. तोपर्यंत जन्मलेले प्रोसेसर तिच्या ओळखीचे. नंतर जन्मलेले परके. परका आणायचा असेल तर आधी त्याची ओळख मला करून द्यावी लागते, म्हणजे ही अक्कल नव्याने भरावी लागते. काम सोपं आहे. पण ते होत असताना माझ्यावर जुना, ओळखीचा प्रोसेसर बसलेलाच हवा. तोच नसेल तर मी उठणार नाही, आणि जो उठलाच नाही तो शिकणार काय, कपाळ? काही बोर्डांना जुन्याशिवाय शिकायचं एक वेगळं बटण असतं. मला नाही. गरिबाघरचा आहे मी.

सुरतच्या दुकानातून टेम्पोत बसून मी नवापूरला आलो. हायवेला लागून शेठची हॅचरी आहे. कपाटांसारख्या मोठमोठ्या मशीनमध्ये तिथे अंडी उबवतात आणि पिल्लं खोक्यांत भरून पोल्ट्रीवाल्यांकडे जातात. प्रत्येक मशीनमधून एक वायर माझ्यापर्यंत यायची. आतली गरमी जरा वाढली की मी छतावरचा भोंगा वाजवायचा. एवढंच माझं काम, पण त्या कामावर हजारो जीव होते.

वरच्या मजल्यावरची मशीनखोली सांभाळायच्या सकीनाबेन. नवापुरातल्याच, मुसलमान मोहल्ल्यातल्या. हॅचरीत पिल्लांची लव कायम उडत असते, पिवळी, कापसासारखी. ती माझ्या पंख्यात अडकली की मी तापतो. सकीनाबेन दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, काम सुरू करण्याआधी डबा उघडायच्या आणि रंगाच्या मऊ ब्रशने माझं अंग झाडायच्या. झाडता झाडता बोलायच्या.

"बघ ना, केवढी पिसं खाल्ली याने! कोंबडी का बोका रे तू?"

तिथेच अंड्यांचे ट्रे धुणाऱ्या रमिलाबाई हसायच्या. "सकीनाबेन, त्याला अंगडंटोपडं शिवा आता."

"शिवते ना. तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ऐकतो माझं."

मित्रांनो, माझं अख्खं कौतुक ते एवढंच. एकदा भर उन्हाळ्यात एका मशीनचा पंखा अडकला. मी भोंगा वाजवला, सकीनाबेन धावल्या, अंडी वाचली. दुसऱ्या दिवशी शेठ आले आणि पाहुण्यांसमोर माझ्या डब्यावर थाप मारून म्हणाले, "माझं मशीन आहे हे!" भोंगा ऐकून धावलेली बाई दारात उभी होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग शेठना कॅमेऱ्यांचं वेड लागलं. सुरतेत बसून मोबाईलवर सगळी हॅचरी दिसली पाहिजे. जुन्या प्रोसेसरला तो भार झेपेना, तर नवा मागवला. तो माझ्या खाचेत नीट बसणारा होता, माझ्याच जातकुळीतला, पण माझ्यानंतर जन्मलेला. म्हणजे ओळख नसलेला.

दुकानदाराने हॅचरीचे मॅनेजर नवनीतभाऊ यांना फोनवर बजावून सांगितलं होतं: आधी जुन्यावर बायोस अपडेट करा, मग नवा लावा. नवनीतभाऊ तापीकाठच्या शेतकरी घरातले, डिप्लोमा झालेले. त्यांना त्यातलं सगळं समजत होतं. ते शेठना म्हणालेही, "शेठ, जुना थोडा वेळ राहू द्या. आधी त्याच्यावर..."

शेठनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "नवनीत, पोल्ट्रीत किती वर्षं झाली तुला? जुनी बॅच शेडात ठेवून नवी पिल्लं कोणी सोडतं का? आधी सगळी जुनी बाहेर. शेड धुवायचं, चुना मारायचा. मग नवी आत. धंद्याचा पहिला नियम आहे हा!"

कोंबड्यांसाठी तो नियम सोळा आणे खरा आहे, मित्रांनो. जुन्या कोंबडीचा रोग नव्या पिल्लाला लागतो. अख्खं नवापूर याच नियमावर चालतं. पण मी शेड नाही ना! मला चुना मारून काय उपयोग?

नवनीतभाऊंनी मान खाली घातली. "बरं, शेठ," म्हणाले. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

जुना प्रोसेसर उपटला. शेठनी तो स्वतःच्या हाताने ड्रायव्हर दोधूभाऊला दिला, सुरतला दुकानात परत करायला. मग माझ्यावर नवा बसवला आणि बटण दाबलं.

वीज आली. डब्याचा पंखा गरगर फिरायला लागला. लाल दिवा लागला. आणि मी? माझ्या अकलेने त्या नव्याकडे बघितलं आणि ती तिथेच थबकली. हा कोण? ओळखत नाही. मी पुढे सरकेना. स्क्रीन काळी ती काळीच.

"शेठ, चालू नाही झाला," नवनीतभाऊ हळूच म्हणाले.

"पंखा फिरतोय ना? दिवा लागलाय ना? मग चालू आहे. स्क्रीनचं उद्या बघ. आता सगळे खाली चला, पिल्लांची गाडी भरायची आहे."

सकीनाबेन जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या. "शेठ, हा उठला नाही. रोज हाताखाली असतो, मला समजतं. भोंगा वाजणार नाही. मी इथेच थांबते. दर थोड्या वेळाने मशीनच्या काचेतून आतला पारा बघते."

"काचेवर नजर ठेवायला बाई लागते, तर मी कॉम्प्युटर कशाला घेतला? खाली चल!"

त्या गेल्या. हुकूम होता, गेल्या.

नवापूरची ती उन्हाळ्यातली दुपार. पत्रे तापले होते. कडेच्या मशीनचा पंखा बंद पडला. पिल्लं बाहेर यायला आली की अंडी स्वतःच गरमी सोडतात, बंद कपाटात ती गरमी साठत जाते. माझ्याकडे वायर येत होती. त्या वायरीतून निरोप येत होता आणि मी ऐकू शकत नव्हतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा जागा आहे. पंखा फिरतोय! मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नाही. आणि इतका रागही कधी आला नाही.

गाडी भरून सकीनाबेन धावतच वर आल्या. मशीनचं दार उघडलं. गरम वाफ तोंडावर आली. एक अंडं हातात घेऊन त्यांनी कानाला लावलं. आत चोच मारायचा आवाज असतो त्या वेळी. आवाज नव्हता. त्यांनी दुसरं घेतलं. मग खालीच बसल्या.

शेठ आले. मशीन बघितलं, काळी स्क्रीन बघितली आणि सगळ्यांसमोर बोट सकीनाबेनवर रोखलं. "दर जुम्म्याला हिचा ब्रश याच्या अंगावर! हिनेच घासून घासून बिघडवला. नाही तर नवा माल टाकल्यावर बंद पडेल कसा?"

"शेठ, मी सांगितलं होतं, हा उठला नाही म्हणून..."

"उद्यापासून येऊ नको."

सकीनाबेननी नवनीतभाऊंकडे बघितलं. "भाऊ, तुम्ही तरी बोला. तुम्हाला तर ठाऊक आहे."

नवनीतभाऊ वायरी गुंडाळत होते. त्या गुंडाळायची काहीएक गरज नव्हती.

शेठ एवढ्यावर थांबले नाहीत. तिथेच उभं राहून त्यांनी एकेका हॅचरीवाल्याला, पोल्ट्रीवाल्याला फोन लावले. पार विसरवाडीपर्यंत. "सकीना नावाची बाई आली तर ठेवू नका. मशीन खराब करते." एकेक फोन मी ऐकला. माझी स्क्रीन मेली होती, पण गोष्ट माझ्यासमोर घडली.

मला पोत्यात भरलं, फुटक्या ट्रेंबरोबर, नवा प्रोसेसर अंगावर तसाच ठेवून. पोतं फाटकाजवळ रमिलाबाईंच्या खोलीच्या भिंतीला टेकवलं. तिथे त्यांची एक देशी कोंबडी टोपलीत बसलेली. मशीन नाही, भोंगा नाही. तिची पिल्लं निघाली आणि ती त्यांना दाणा दाखवायला लागली: हे टिप, ते टिपू नको. पोत्याच्या भोकातून मी बघत होतो. जुनीच नव्याला शिकवते, शेठ! तुमच्या फाटकात बसून शिकवत होती. तुमची गाडी रोज तिला वळसा घालून जायची.

एके दिवशी दोधूभाऊ गाडी पुसताना ओरडला, "ओ रमिलाबाई! हाई चौकोनी चकती मन्ही गाडीमा पडेल शे. शेठनी सुरतले देवाले दिधेल व्हती. मी ते तमाखूना डब्बाखाले इसरीच गऊ!"

रमिलाबाईंनी ती चकती, म्हणजे माझा जुना प्रोसेसर, घेतली आणि तडक नवनीतभाऊंच्या टेबलावर आपटली. "भाऊसाहेब, हे तुमचं. त्या दिवशी तोंडात काय गुळणी धरली होती का? एका बाईचं काम गेलं, तुमची वायर गुंडाळून झाली का?"

दोधूभाऊ मागून म्हणाला, "जाऊ द्या ना बाई, ते शिकेल मानूस शेत."

"शिकेल शे म्हनीसनच इचारी ऱ्हायनू!" रमिलाबाई त्याच्याच बोलीत कडाडल्या, शिकलेला आहे म्हणूनच विचारतेय.

नवनीतभाऊंनी मला पोत्यातून काढलं. नवा उतरवला, जुना बसवला. मी उठलो! पेन ड्राइव्हमधून त्यांनी नवी अक्कल माझ्यात भरायला घेतली. या कामात मध्येच वीज गेली तर मी कायमचा संपतो, म्हणून त्यांनी मला इन्व्हर्टरवर लावलं आणि स्क्रीनवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत बटणाला कोणाला हात लावू दिला नाही. मग जुना काढून परत नवा बसवला. स्क्रीन उजळली. मला एक ओरखडा नव्हता, मित्रांनो. ब्रशने माझं काहीही झालं नव्हतं. मला फक्त ओळख करून दिलेली नव्हती.

नवनीतभाऊ या वेळी बोलले. शेठना स्पष्ट म्हणाले, "चूक सकीनाबेनची नव्हती. जुना आधी काढला, म्हणून झालं. मी तेव्हा गप्प बसलो."

शेठनी मला बघितलं. सुरतेत बसून आता कॅमेरे दिसतील म्हणून खूष झाले. "चला, वाचला! जागेवर बसवा," म्हणाले. आणि गाडीत बसून निघून गेले.

मी जागेवर बसलो. समोरची सकीनाबेनची खुर्ची रिकामी आहे. माझ्या पंख्यात लव साठतेय, ब्रश खिडकीत वाळत पडलाय. रमिलाबाई सांगतात, सकीनाबेन हॅचरी-हॅचरीला जाऊन आल्या. सगळीकडे एकच उत्तर: "शेठचा फोन आला होता."

मुलांनो, तुम्हाला कोणी सांगेल की यंत्रांची निगा राखा. राखा जरूर. पण यंत्राची निगा राखणाऱ्या माणसाला कोणी फेकून दिलं, तर त्या जागी वायरी गुंडाळत उभे राहू नका.

आणि शेठ, कॅमेरा चालू आहे, मीच चालवतोय. म्हणजे तुम्ही आत्ता ही रिकामी खुर्ची बघताय. ते सगळे फोन तुम्ही माझ्यासमोर उभं राहून लावले होते. मला परत जागेवर बसवलंत. आता तेच नंबर पुन्हा लावून "सकीनाची चूक नव्हती, माझी होती" एवढं एक वाक्य कधी सांगताय?

पंखा फिरतोय, शेठ. या वेळी मी जागा आहे. उत्तर द्या.