आधीच दिलेला होकार

करंट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पंचायतीच्या लिनक्स संगणकाला आज्ञा देतानाच रेश्मा होकारही जोडून टाकायची. ‘काढू का?’ असं विचारत तो थांबायलाच नको.

त्या दुपारी तिनं जागा अडवून बसलेलं एक जुनं पॅकेज, म्हणजे एक प्रोग्रॅम, काढायला सांगितलं. पडद्यावर एक ओळ यायची, तिथं रांगच लागली. त्या पॅकेजच्या आधारावर चालणारी सगळी पॅकेजं भराभर निघत होती. त्यांतलं एक नाव तिनं पुन्हा वाचलं. बंधाऱ्यातून पाणी सोडलं की नदीकाठचा भोंगा वाजवणारं ते पॅकेज होतं! नेटवरून पुन्हा बसवावं, तर नेट जोडणारं पॅकेजही गेलेलं.

तेवढ्यात फोन वाजला. बंधाऱ्यावरचा शिवानंद होता.

“अक्का, पाणी सोडून धा मिन्टं झाली. भोंगा का वाजंना?”

रेश्मा ओरडत उतारावरून धावत सुटली. खाली पात्रात मधल्या खडकावर बायजाकाकू गोधड्या धूत होती. भोंगा वाजेपर्यंत नदीला भ्यायचं नाही, हे तिला रेश्मानंच शिकवलं होतं.

काकूनं हसून हात हलवला. “सावकाश ये गं, पडशील! भोंगा कुठं वाजलाय अजून?”