कोयांचा भरडा

दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते कोंबड्यांवरून. धाकट्याने आंब्याच्या कोया फोडून आतला गर तसाच दळला आणि खुराकात मिसळला. कोंबड्या पटापट माना टाकू लागल्या, अर्धी शेड रिकामी झाली. थोरला नाही नाही ते बोलला. धाकट्याने बिऱ्हाड हलवलं आणि आमरसाच्या कारखान्यात नोकरी धरली. तेव्हापासून इकडचे निरोप तिकडे करायचं काम थोरल्याच्या बायकोकडे आलं. तिला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची.

यंदा मक्याला अळी लागली आणि खुराकाचा टेम्पो यायचा बंद झाला. थोरला म्हणाला, "कोंबड्या विकून टाकू." म्हणाला खरा, पण ताटावरून तसाच उठला. वहिनीने चपला घातल्या आणि दिराचं घर गाठलं.

धाकटा परसात चूल पेटवून बसला होता. पातेल्यात कोयांचा गर रटरटत होता.

"भाऊजी, हे खूळ अजून गेलं नाही?"

"जाईल कसं, वहिनी? चुकलं कुठे ते कळायला नको? तेव्हा कोया ओल्या गोणीत राहिल्या, बुरशी धरली. त्यात गर तुरट, तो कच्चा घालायचाच नसतो. भिजवायचा, उकळायचा, पाणी फेकायचं, उन्हात कडकडीत वाळवून भरडायचा. तोही मक्याच्या जोडीला, थोडाच. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून करतोय."

त्याच्या पायाशी चार कोंबड्या माती उकरत होत्या, पिसं तुकतुकीत.

"मग तुमच्या दादांना का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

तो यायला तयार होईना. वहिनी भरड्याची पिशवी घेऊन एकटीच परतली.

थोरल्याने चिमूटभर भरडा तळहातावर घेतला. "हे त्याचंच काम."

"त्याचंच. पण या वेळी उकळून वाळवलेलं आहे. आधी थोड्याच कोंबड्या वेगळ्या कप्प्यात ठेवून घालते. काही बिनसलं तर मला बोला, त्यांना नाही."

 पुढे पाणी बदलायचं निमित्त काढून थोरला त्या कप्प्यापाशी घुटमळू लागला. कोंबड्यांनी आधी नखरे केले, भरडा चोचीने उडवला, मग मुकाट खाऊ लागल्या. एकही आजारी पडली नाही. अंडीही थांबली नाहीत.

एका सकाळी तो वाटीत अंडं फोडून घेऊन आला. "बलक फिकट आहे."

"मका कमी पडतोय ना."

"हिरवा पाला घातला तर चालेल का, विचार त्याला."

"मी निरोप पोचवायचं सोडलंय," वहिनी म्हणाली. "तुम्हीच विचारा."

थोरल्याने वाटी खाली ठेवली. मग सायकल काढून गेला.

दुपारी हातगाडीचा खडखडाट ऐकून वहिनी बाहेर आली. गाडीवर कोयांचा ढीग होता. एक भाऊ ओढत होता, दुसरा ढकलत होता, आणि गर किती वेळ उकळायचा यावर दोघांची जुंपली होती.

"दादा, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

"मग शिकव की."

वहिनी मध्ये पडली नाही. वाळवण घालायला ती ताडपत्री शोधू लागली.