वरच्या मजल्यावरचा तास

बाई टेबलाखाली पालथ्या झोपल्या होत्या. कोपरं फरशीवर टेकलेली, ओढणीला खडूची धूळ लागलेली. समोर, दोन्ही गुडघे छातीशी घट्ट धरून, ठिणगी बसली होती.

“मी जाणार नाही.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं. ऐकलं मी.”

“म्हणजे नाही गेलं तर चालेल?”

“चालेल असं कुठे म्हटलं? ऐकलं म्हटलं.”

ठिणगीने नाक फेंदारलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हे नाव तिला शिक्षकांच्या खोलीत पडलं होतं, अर्थात तिच्या पाठीमागे. एक दिवस ते तिच्या कानावर गेलं, तेव्हा आता काय आकाशपाताळ एक होतंय म्हणून सगळे श्वास रोखून बसले. पण पोरीला ते आवडलंच. खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघेना.

शाळेच्या तळमजल्यावर, शेवटच्या खोलीत, बाईंचा वर्ग भरे. जी मुलं इतर कुठल्याच वर्गात टिकत नाहीत, राग आला की ज्यांना स्वतःलाच आवरता येत नाही, ती तिथे येत. ठिणगी आली तेव्हा पहिल्याच महिन्यात खिडकीची काच गेली, कपाट आडवं झालं आणि बाईंच्या मनगटावर दातांचे वण उमटले. आई गेल्यापासून तिला मावशीने वाढवलं होतं. मावशी शिवणकाम करायची आणि शाळेच्या फाटकाशी यायची ती आधीच मान खाली घालून.

पण गणित! एकदा दुसऱ्या एका मुलासाठी फळ्यावर लिहिलेलं अपूर्णांकांचं उदाहरण ठिणगीने मागे उभ्या उभ्या तोंडी सोडवलं आणि वर विचारलं, “एवढंच?” त्या दिवसापासून बाईंनी ध्यास घेतला की हिला वरच्या मजल्यावर, गणिताच्या तासाला, इतर मुलांबरोबर बसवायचं. मोठ्या बाईंनी बरेच दिवस ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी कबूल झाल्या, पण अट घालून.

“एक संधी देऊ. नाही जमलं, तर दुसऱ्या गावच्या निवासी शाळेचा विचार करावाच लागेल. मावशीलाही मी तसं सांगितलंय.”

गणिताचे सर तर सरळच बोलले होते. “बाई, माझ्या वर्गात चाळीस मुलं. माझं लक्ष फळ्याकडे असतं, खुर्च्या कोण फेकतंय तिकडे नाही.”

आणि आज तो तास होता.

“बाई,” भिंतीकडे बघतच ठिणगी म्हणाली, “ते मला हसले तर?”

बाईंना पटकन ‘नाही हसणार’ म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, “एखादा हसेल.”

“मग?”

“मग तुला राग येईल.”

“आणि मग?”

“ते मला नाही माहीत. ते तूच ठरवशील.”

ठिणगीने तोंड भिंतीकडून वळवलं. मग रांगत बाहेर आली, फ्रॉक झटकला आणि दाराशी जाऊन थबकली. “जिन्यापर्यंत या. पुढे मी जाईन.”

ती वर दिसेनाशी झाली तसे बाई वर्गात परतल्या. मदतनीस ताई मुलांकडून रंगीत मणी ओवून घेत होती. ज्याचं रडणं पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं म्हणून ज्याला सगळे भोंगा म्हणायचे, तो हातातला दोरा सोडून म्हणाला, “ठिणगी मेली का?”

“नाही रे. गणिताला गेली.”

“मग एकच झालं,” भोंगा म्हणाला आणि पुन्हा मणी ओवू लागला.

ताईला हसू आवरेना. बाईही हसल्या, पण त्यांचे कान छताला लागले होते. वर खुर्ची सरकली की त्या हातातलं काम थांबवत. एका मुलीच्या बुटाची नाडी बांधताना त्यांनी अशी काही गाठ मारली की ती सोडवायला ताईला यावं लागलं.

“बाई, तुमचं चित्त थाऱ्यावर नाही,” ताई हळूच म्हणाली.

“दिसतंय का?”

“आंधळ्यालाही दिसेल.”

तेवढ्यात वर धाडकन आवाज झाला.

काहीतरी जड वस्तू फरशीवर आदळली होती. पाठोपाठ पोरांचा कल्ला, आणि मग एकदम चिडीचूप. बाई उठून उभ्या राहिल्या. ती शांतता त्या ओळखत होत्या.

“जा तुम्ही,” ताई म्हणाली. “मी आहे इथे.”

बाई धावतच जिना चढल्या. मनात मोठ्या बाईंशी बोलायची वाक्यं जुळत होती: पहिलाच दिवस होता, चूक माझी, मीच घाई केली. अर्ध्या जिन्यावर, वळणापाशी, त्या थांबल्या.

वर, शेवटच्या पायरीवर, ठिणगी बसली होती. त्यांच्याकडे पाठ करून. खांदे वरखाली होत होते आणि कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. तिने आपली वेणी पुढे घेतली होती. ती पेड पार शेवटपर्यंत सोडवी, पुन्हा घालू लागे, घट्ट, ओढून ओढून, आणि तोंडाने पुटपुटत राही.

“खुशाल म्हणू दे. खुशाल म्हणू दे. शेंबड्या कुठला. खुशाल म्हणू दे.”

बाईंनी तिला लांब श्वास घ्यायला शिकवलं होतं, आकडे उलटे मोजायला, उशीवर बुक्के मारायला. ठिणगीने त्या सगळ्याला ‘बावळटपणा’ म्हणून उडवून लावलं होतं. वेणीचं हे त्यांनी शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं.

बाईंचा पाय पुढच्या पायरीवर गेला होता. दोन ढांगांत त्या तिच्याजवळ पोचल्या असत्या, शेजारी बसल्या असत्या, पाठीवरून हात फिरवला असता. इतकी वर्षं त्यांनी दुसरं केलंच काय होतं? त्यांनी कठडा घट्ट धरला आणि पाय मागे घेतला.

वर वर्गाचं दार उघडलं. गणिताचे सर बाहेर आले. त्यांनी पायरीवरच्या मुलीकडे पाहिलं. मग वळणावर, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या बाईंकडे. बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. सरांनी एकदम नजर वळवली, जणू तिथे कुणी नव्हतंच.

“खुर्ची उचलून ठेवलीय,” ते म्हणाले. “तू उठलीस ना, तेव्हा पडली ती.”

“माहितीये. मी फेकली नाही.”

“मी कुठे म्हटलं फेकली? तुला चिडवणाऱ्या त्या पोराला पहिल्या रांगेत बसवलंय, माझ्या नाकासमोर.” सरांनी मागे वळून फळ्याकडे पाहिलं. “उदाहरण अर्धंच राहिलंय फळ्यावर. येतेस?”

“वेणी होऊ दे.”

“होऊ दे.”

सर आत गेले नाहीत. दार धरून उभे राहिले. फळ्याकडे लक्ष असणारा माणूस, चाळीस मुलं मागे सोडून, एका वेणीचे पेड संपायची वाट बघत होता. अखेर ठिणगीने टोकाला रबर गुंडाळलं, बाहीने नाक पुसलं आणि उठली. दार लागलं.

बाई तिथेच पायरीवर बसल्या. डोळे भरून आले होते आणि तोंडावर मात्र हसू मावत नव्हतं. कुणी पाहिलं असतं तर बाईंनाच तळमजल्यावरच्या वर्गात बसवलं असतं.

तास संपल्यावर ठिणगी खाली आली ती सरळ आपल्या जागेवर.

“कसा झाला तास?” मणी डब्यात भरत बाईंनी विचारलं.

“बरा.”

“काही झालं?”

ठिणगीने जरा विचार केला. “नाही. काही नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

शाळा सुटली तेव्हा मावशी फाटकाशी नेहमीच्या जागी उभी होती, पिशवीचे बंद दोन्ही हातांनी पिळत. आज तिचा चेहरा पांढराफटक होता. बाई जवळ येताच, नजर वर न उचलता तिने विचारलं, “काय केलं हिने आज? सांगून टाका, बाई. जायचं का हिला तिकडे?”

ठिणगी बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

बाईंना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. जिना, वेणी, दार धरून उभे राहिलेले सर. शब्द अगदी ओठांवर आले होते. मावशीला त्या क्षणी ते ऐकवलं असतं तर ती फाटकातच रडली असती.

“मला नाही माहीत, मावशी,” बाई म्हणाल्या. “मी नव्हते तिथे. हिलाच विचारा.”

मावशीने मान वर केली. ती बाईंकडे, मग भाचीकडे बघत राहिली. ठिणगीने तिच्या हातातली पिशवी घेतली, खांद्याला अडकवली आणि ती चालायला लागली.

“चल ना,” ती म्हणाली. “सांगते. पण मधे बोलायचं नाही हं, पहिल्यापासून सांगणार आहे.”