उठायला लावणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि मला हात नाहीत. हसू नका, मित्रांनो. हात नसलेली खुर्ची म्हटलं की लोकांना वाटतं, बिचारी! पण मी बिचारी नाही. बाकीच्या खुर्च्यांवर लोक बसायला येतात. माझ्याकडे लोक उठायला येतात. हे कसं झालं, ते सांगते. जरा नीट बसून ऐका, पाठ ताठ ठेवून. मला वाकून बसलेलं मुळीच खपत नाही.

माझा जन्म काशीतलाच. इथल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला शिसवाच्या लाकडातून घडवलं. तेव्हा मला हात होते, तेही चांगले गोल वळणाचे, टोकाला कमळ कोरलेले. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आपल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. त्या मंडळाच्या सभागृहात मला मानाने नेण्यात आलं. गणेशोत्सवात अध्यक्ष माझ्यावर बसायचे, आणि त्यांची भाषणं इतकी लांबायची की समोरची मुलं पेंगायची. मी मात्र ताठ. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा! खुर्ची असावी तर अशी!" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग एका मुंजीच्या जेवणावळीत घात झाला. बासुंदीवर यथेच्छ ताव मारलेले एक पाहुणे माझ्या उजव्या हातावर सगळा भार टाकून उठले, आणि कडाड्! हात त्यांच्या हातात आला. ते ओशाळले, लोक हसले. दुसऱ्या दिवशी सुताराने पाहिलं आणि म्हणाला, एकच हात विचित्र दिसेल. म्हणून त्याने माझा डावा हातही कापून टाकला. धडधाकट हात होता हो तो! पण खुर्चीला कोण विचारतो?

त्यानंतर मला गच्चीवर टाकलं. माझ्यावर पापड वाळले, रंगाचे डबे साचले. आमच्या गल्लीतल्या माकडांनी तर मला सिंहासनच करून टाकलं. एक दांडगं माकड रोज सकाळी माझ्यावर बसून कुणाच्या तरी घरून पळवलेली पोळी खायचं. अध्यक्षांनंतर माकड! मी मनात म्हणायचे, आता माझं काही खरं नाही.

आणि अशा वेळी मधुरा आली.

मधुराचे वडील रेल्वेत नोकरीला होते, बदली होऊन भुसावळहून इकडे आले आणि इथलेच झाले. मधुरा विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकली. लोकांना एकेकटं शिकवून त्यांची तब्येत सुधारून देणं हे तिचं काम. मंडळाने तिला सकाळच्या वेळेला सभागृह वापरायला दिलं होतं. तिची पद्धत अशी की नवा माणूस आला की आधी त्याची तपासणी करायची. नाडी बघायची, कंबर फितीने मोजायची, एका पायावर किती वेळ उभं राहता येतं ते बघायचं. व्यायाम त्यानंतर. बँकेतले एक साहेब कंबर मोजताना पोट असं आत ओढून धरायचे की चेहरा लालबुंद व्हायचा. मधुरा शांतपणे म्हणायची, "साहेब, श्वास सोडा. फीत कुणाला सांगणार नाही."

तिला एक साधी खुर्ची हवी होती, बिनहातांची. सभागृहातल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना हात होते. ती शोधत शोधत गच्चीवर आली, माकडाला हुसकावलं, मला हलवून पाहिलं आणि ओरडली, "अरे, हीच तर पाहिजे होती!"

मित्रांनो, ज्या गोष्टीसाठी मला टाकून दिलं होतं, त्याच गोष्टीसाठी मला उचललं. मला रडू आलं असतं, पण वाळलेल्या लाकडाला पाणी कुठलं!

माझं काम सोपं आहे. माणसाने माझ्यावर बसायचं, दोन्ही हात छातीशी घडी करून ठेवायचे, आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उठून पुन्हा बसायचं. त्यावरून पायांत किती ताकद आहे ते कळतं. हाताने रेटा दिला की ती उठबस बाद. शिवाय मधुराचा एक नियम आहे. पहिली तपासणी ज्या खुर्चीवर झाली, पुढचीही त्याच खुर्चीवर व्हायला हवी. खुर्ची थोडी उंच असली की उठणं सोपं, बुटकी असली की अवघड. मग माणूस सुधारला की खुर्ची बदलली, हे कसं कळणार? तेव्हापासून मला कोणी इकडचं तिकडे हलवलं तरी मधुरा डोळे वटारते. आहे की नाही थाट?

आता प्रेमलाकाकूंचं सांगते. खरं तर त्यांच्यासाठीच एवढं बोलतेय.

प्रेमलाकाकू आमच्याच गल्लीत राहतात. काका शाळेत मास्तर होते, ते गेले. मुलगा विश्वजीत नोकरीसाठी नोएडाला. काकू इथे एकट्या, पण एकट्या कसल्या, सगळी गल्ली त्यांची. रोज पहाटे गंगेवर जायचं, येताना फुलवालीशी दोन गोष्टी करायच्या, हा त्यांचा नेम. आषाढात एके दिवशी काकू घाटावर पाय धुऊन खालच्या पायरीवर टेकल्या, आणि त्यांना उठताच येईना. शेवटी नाववाल्याने आणि फुलवालीने दोन बाजूंनी धरून उभं केलं. लागलं काही नाही. पण बातमी नोएडाला पोचायला कितीसा वेळ?

विश्वजीत लगेच आला. मुलगा चांगला आहे हो, आईवर जीव आहे त्याचा. घाबरला होता एवढंच. सभागृहात, माझ्यासमोरच, तो म्हणाला, "आई, आता बस झालं. तू माझ्याबरोबर चल. वहाँ लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, सगळं आहे."

"गंगा आहे?" काकूंनी विचारलं.

"आई, तू मजाक करू नकोस. कधी घरात पडलीस आणि कोणी नसलं तर? रात को नींद नहीं आती मला."

काकू म्हणाल्या, "मला थोडा टाइम दे. या मधुराकडे मी शिकते. दसऱ्याला तू येशील ना, तेव्हा ती परीक्षा घेईल. माझी मी उठायला लागले तर इथे राहीन. नाही जमलं, तर गुपचूप तुझ्यामागे गाडीत बसेन. शब्द आहे."

विश्वजीतने मान डोलावली. मला मात्र धडकी भरली. कारण त्याच सकाळी काकूंची पहिली तपासणी माझ्यावर झाली होती, आणि ती कशी झाली ते मला ठाऊक होतं. एकदा कशाबशा उठल्या. दुसऱ्यांदा हात आपोआप मांडीवर गेले.

"काकू, हात मांडीवर नकोत," मधुरा म्हणाली.

"हात नको तर काय मंत्राने उठू? आणि या वयात उठाबशा काढायला लावतेस, मी काय गृहपाठ विसरलेय?"

मधुरा हसली, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. चार दिवस ती काकूंच्या मागे मागे हिंडली आणि तिला खरी गोम सापडली. काकू देवळात बसल्या की पुजारी हात द्यायचे. ओट्यावर बसल्या की दूधवाला हात द्यायचा. घाटावर तर हातांची रांगच. काकू सगळ्यांच्या लाडक्या, आणि त्या लाडाने त्यांचे पाय उठायचं विसरून गेले होते. मधुराने सगळ्यांना सांगितलं की काकूंजवळ उभे राहा, पण हात देऊ नका. दूधवाला भडकला. "बुजुर्ग को हाथ न दें? हमको पाप लगेगा, दीदी!" त्याची समजूत घालता घालता तिच्या नाकी नऊ आले.

मग रोजची मेहनत सुरू झाली. आधी माझ्यावर दोन उशा ठेवून, मग एक, मग एकही नाही. काकू कुरकुरायच्या, मधुराला नावं ठेवायच्या, मलाही ठेवायच्या. "मेली किती कडक आहे ही!" हे माझ्याबद्दल. पण दुसऱ्या दिवशी हजर. श्रावण गेला, गणपती झाले, आणि काकू हात छातीशी ठेवून उठू लागल्या. पुढे जमिनीवरून उठायचं शिक्षण सुरू झालं. एक गुडघा टेकायचा, दुसरं पाऊल पुढे रोवायचं आणि वर यायचं. ते मात्र काकू मला धरूनच करायच्या. "सोडा ना खुर्ची," मधुरा म्हणायची. "उद्या," काकू म्हणायच्या. तो उद्या काही उजाडेना.

दसरा उजाडला. विश्वजीत सकाळीच आला. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं त्याने काढून ठेवली होती, एक स्वतःचं आणि एक आईचं. परतीची जागा मिळत नाही म्हणून, असं तो म्हणाला. काकूंनी ऐकलं आणि चेहरा उतरला. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

आणि इथे आमच्या मधुराने घोटाळा करून ठेवला. दसऱ्याला आपण कामाच्या हत्यारांची पूजा करतो ना? भल्या पहाटे तिने आपली हत्यारं पुजली. म्हणजे फीत, वजनाचा काटा, घड्याळ आणि मी! माझ्या पाठीला झेंडूची माळ, बैठकीवर हळदकुंकू, अक्षता, वर एक सुपारी. मी तर हुरळून गेले. इतक्या वर्षांत मला कोणी कुंकू लावलं नव्हतं.

काकू आल्या, परीक्षेसाठी पदर खोचून उभ्या राहिल्या आणि मला बघून थबकल्या.

"अगं, हिची पूजा झालीय! यावर मी बसू? पूजलेल्या वस्तूवर?"

"काकू, मी पुसून घेते ना पटकन," मधुरा कपडा घेऊन धावली.

"खबरदार! देवाचं कुंकू पुसतात का असं? शहाणी मुलगी आहेस ना तू?"

"मग आई, दुसरी खुर्ची घे ना," विश्वजीत घड्याळ बघत म्हणाला. "ढेर सारी पडी हैं."

"नाही चालणार, दादा," मधुरा रडकुंडीला आली. "त्या सगळ्यांना हात आहेत, आणि उंचीही वेगळी. पहिली तपासणी हिच्यावर झालीय. दुसरीवर घेतली तर तुम्हीच उद्या म्हणाल की खुर्चीच सोपी होती."

मी पाठीवर माळ घेऊन उभी. कधी नव्हे तो मान मिळाला, आणि तोच काकूंच्या आड आला! त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माकड परवडलं.

काकूंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, "एवढं काय घाबरता? उत्तरपूजा केली की झालं. ताम्हण आण गं."

मधुराने ताम्हण आणलं. काकू माझा पाय धरून हळूहळू खाली बसल्या, अगदी चटईवर मांडी घालून. त्यांनी डोळे मिटले, अक्षता वाहिल्या, पुन्हा येण्याविषयीचा मंत्र म्हणून मला किंचित हलवलं. मग सुपारी काढली, माळ उतरवली, एकेक फूल, एकेक पाकळी ताम्हणात गोळा केली. कुंकवाचं बोटही त्यांनी आपल्या पदराने हलकेच टिपलं. त्या सगळ्यात त्यांचं मन असं रमलं की परीक्षा, गाडी, नोएडा सारं विसरून गेल्या.

निर्माल्याने भरलेलं ताम्हण त्यांनी दोन्ही हातांत धरलं. एक गुडघा टेकला. दुसरं पाऊल पुढे रोवलं.

विश्वजीत सवयीने पुढे झाला, हात लांबवून. मधुराने त्याला दंडाला धरून थांबवलं. मी श्वास रोखला, म्हणजे खुर्चीला जमेल तसा.

आणि काकू उठल्या! मला न धरता, कुणालाच न धरता, एक पाकळीही न सांडता सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, आता कुठे बसायचं ते सांग."

सगळे त्यांच्याकडेच बघत होते. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चटईकडे. मग त्यांना कळलं. "अगं बाई!" एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. विश्वजीतचा हात अजून तसाच पुढे होता. काकूंनी ते ताम्हण त्याच्या हातात दिलं.

"हात पुढे केलाच आहेस तर हे धर. गंगेत नको टाकूस हं, पिंपळाच्या बुडाशी घाल. आणि ते दुसरं तिकीट परत कर."

विश्वजीत हसायला लागला, मग रडायलाही लागला. ताम्हण हातात, त्यामुळे बिचाऱ्याला डोळेही पुसता येईनात. "आई, पण रोज रात्री फोन करायचा," तो म्हणाला. "रोज. समझी?"

"समझी," काकू म्हणाल्या.

माझ्यावरची परीक्षा त्यानंतर रीतसर झाली, आणि काकू उत्तम उत्तीर्ण झाल्या. पण खरं सांगू? तिकडे कुणाचं धड लक्षच नव्हतं. मधुरासुद्धा मोजताना मध्येच चुकली आणि तिला परत मोजावं लागलं. मला थोडा राग आला, फार नाही.

आता कार्तिक चालू आहे. काकू पहाटे घाटावर जातात, शेवटच्या पायरीवर टेकतात आणि आपल्या आपण उठतात. नाववाला, फुलवाली, दूधवाला जवळ उभे असतात, हात मागे बांधून. बुधवारी काकू माझ्याकडे येतात आणि माझ्यावर बसण्याआधी न चुकता मला नमस्कार करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी आजी-आजोबा असतील. ते उठायला लागले की तुमचा हात पटकन पुढे होतो, हो ना? चांगली मुलं आहात. पण हात जवळ ठेवा आणि थोडं थांबा. त्यांना आधी उठून बघू द्या. नाहीच जमलं, तर तुम्ही आहातच.

आणि गच्चीवर एखादी मोडकी खुर्ची पडली असेल, तर तिलाही खाली आणा. माकडाला काय, दुसरी जागा मिळेल.