माझ्या पाठीवरचा भोवरा

मी कळसाडीच्या सुकलालभाऊंचा ॲम्प्लिफायर. दचकू नका. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज मोठे केले, एकदा आपलाही काढून पाहावा म्हटलं. फक्त मला तापायला जरा वेळ लागतो. आम्ही व्हॉल्व्हवाली मंडळी अशीच. बटण फिरवलं की आधी पोटातले काचेचे दिवे हळूहळू लाल होतात, मग छातीत घुंऽऽ असं काहीतरी भरतं आणि मग कुठे शब्द फुटतो. ज्याला तेवढा दम निघत नाही, त्यानं खुशाल उठून जावं.

मुंबईच्या एका गल्लीत एका अबोल कारागिरानं मला जोडलं. अंगाला सागवानी पेटी, पुढं जाळी, आणि स्पीकर माझ्या पोटातच. भोंगा वेगळा आणि मशीन वेगळं, असला संसार माझा नव्हता. एकोणीसशे चोपन्न साली एस.टी.च्या टपावरून मी शहाद्याच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा सुकलालभाऊ मला न्यायला बैलगाडी घेऊन आले होते.

सुकलालभाऊंची शेती कापसाची आणि केळीची. जीव मात्र घोड्यांत. सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा त्यांनी कधी चुकवली नाही. जगातली कुठलीही वस्तू ते घोड्यासारखीच पारखायचे. स्टँडवरच त्यांनी माझं मागचं झाकण काढायला लावलं.

"याना दात दखाड पहिले," ते बरोबरच्या दगाला म्हणाले.

दगा म्हणजे आमचा बँजोवाला. शहाद्याच्या बँडमधून रुसून निघालेला आणि सुकलालभाऊंच्या ओसरीवर कायमचा टेकलेला. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "भाऊ, हाऊ काय घोडा शे का?"

"घोडा ऱ्हावो का मशीन, दात देख्याशिवाय घरमा लेवानं नही."

त्यांनी माझे व्हॉल्व्ह मोजले, पाठीवर थाप मारली आणि मला गाडीत घेतलं. घरी त्यांच्या आईनं, तापीबाईंनी, मला कुंकू लावलं. माझ्या कपाळाला लागलेलं ते पहिलं बोट. ते मी विसरलो नाही.

मग लग्नं झाली, सभा झाल्या, यात्रा झाल्या. बॅटरी माझ्याआधी गाडीत चढायची, कारण गावात वीज नव्हती. दगानं बँजोच्या पाटीखाली एक छोटा माईक चिकटवला होता. त्याची वायर माझ्यात खोचली की तो आणि मी एका जिवाचे. बटण अर्ध्यावर असलं की मी गोड गायचो. पूर्ण फिरवलं की माझा आवाज फाटायचा. तार एकदा छेडली तरी सूर गुरगुरत लांबत जायचा, सरता सरायचा नाही. जाणती माणसं कानात बोटं घालायची. सातपुड्यातून गुऱ्हाळावर आलेल्या रूपसिंग आणि त्याच्या सोबत्यांना मात्र नेमका तोच सूर आवडायचा. माना झटकत नाचायचे बेटे! त्यांच्याच नादात दगानं एकदा चहाचा उकळता पेला माझ्या पाठीवर ठेवला आणि पॉलिश जळून तिथं एक गोल वळ उठला.

सुकलालभाऊंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. घोड्याच्या अंगावर नको त्या जागी केसांचा भोवरा असला की तो धन्याला लाभत नाही म्हणतात. आता लाकडाला कसला आलाय भोवरा? पण म्हणतात ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. त्या दिवसापासून मी खोटा ठरलो.

खरं दुःख त्या घरात वेगळंच होतं. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. नैवेद्याला गव्हाचे रोट होतात, बायका गाणी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला मिरवत नेऊन पाण्यात बोळवतात. कळसाडीत गाण्याची पहिली ओळ तापीबाईंची. त्यांनी उचलायची आणि मग बाकीच्यांनी झेलायची, असा मान होता. पण त्यांचे कान जात चालले होते. बासष्ट सालच्या कानबाईला बायकांचं गाणं संपलं तरी त्या एकट्याच गात राहिल्या. एक नवी सून फिस्सकन हसली. हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. तापीबाईंनी तोंड मिटलं.

"आते मन्हं गानं सरी गयं, बेटा," त्या लेकाला म्हणाल्या.

वर्षभर त्यांनी जात्यावरसुद्धा ओवी म्हटली नाही. सुकलालभाऊ बाहेर मिशीला पीळ द्यायचे आणि घरात आईच्या तोंडाकडे बघत बसायचे. पुढच्या श्रावणात माय गायली पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. आणि तो पुरा करायला त्यांनी काय केलं? नवीन मशीन आणलं! राखाडी पत्र्याचं, चकचकीत, आणि त्याचा भोंगा हा एवढा. जो आवाज लांब जाईल तो आपल्या आईच्या कानात शिरेलच, असा त्यांचा हिशेब. घोडेवाल्याचाच तो. शर्यत जिंकेल तो घोडा चांगला.

कानबाईच्या आधी एका सकाळी खळ्यावर आमची दोघांची शर्यत लागली. नव्याचा भोंगा निंबाच्या शेंड्याला बांधला. मला खाली जमिनीवर ठेवलं. ठरलं असं, की दगानं एकच चाल दोघांवर वाजवायची, आणि सुकलालभाऊंनी घोडीवर बसून आवाज ऐकू येईल तिथवर जायचं.

नव्याची पाळी आधी झाली. सुकलालभाऊ पार शहाद्याच्या रस्त्याला लागून परत आले. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाले. तापीबाई तिथंच बसून रोटांचे गहू निवडत होत्या. एवढा मोठा भोंगा डोक्यावर गात होता, पण त्यांनी मान वर केली नाही. लेकानं ते पाहिलं आणि नजर वळवली.

मग माझी पाळी. घोडी निघाली. "हाऊ हारना तं सारंगखेडाले इकी टाकसू," जाता जाता धनी म्हणाले. हरला तर विकून टाकीन! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगालाही ते झोंबलं असावं. त्यानं दात-ओठ खात माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

मी फाटलो. पोटातला स्पीकर असा थरथरला की पेटीच्या फळ्या न् फळ्या बोलू लागल्या. तापीबाईंनी सूप माझ्यावरच टेकवलं होतं. त्यातले गहू टणाटणा उड्या मारू लागले. ते सांडू नयेत म्हणून त्यांनी सूप उचललं आणि दुसरा तळवा माझ्या पाठीवर दाबून धरला. नेमका त्या भोवऱ्यावर.

तो हात तिथून हलेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दगाच्या बोटांकडे पाहिलं. दगा हुशार; त्यानं चाल बदलली आणि कानबाईच्या गाण्याची धरली. प्रत्येक सूर माझ्या लाकडातून त्यांच्या तळव्यात, मनगटात, कोपरात चढत होता. मला तो जाताना कळत होता. आधी त्यांचे ओठ हलले. मग वर्षभर मिटलेल्या गळ्यातून पहिली ओळ आली. थोडी घोगरी, पण सुरात! अगदी सुरात!

सुकलालभाऊ नाल्यापासूनच परतले होते. "हारना! नालालोंग बी उना नही!" असं लांबूनच ओरडत आले. खळ्यात शिरले आणि घोडीवर बसल्या जागी थिजले.

"माले आयकू उनं रे, सुकलाल," तापीबाई म्हणाल्या. "हातमा आयकू उनं."

एवढा मिशीवाला गडी, घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडला.

त्या कानबाईला गाडीत आम्ही दोघं होतो. तापीबाईंपुढचा माईक नव्याला जोडला, दगाचा बँजो मला. एक हात माझ्या पाठीवर ठेवून त्यांनी पहिली ओळ उचलली, नव्याच्या भोंग्यानं ती गावभर पोचवली, आणि मागच्या सगळ्या बायकांनी ती झेलली. हसलेली सून सगळ्यांत मोठ्यानं गात होती. तेव्हापासून नव्याचं माझं भांडण मिटलं. त्याचं काम लांबचं, माझं जवळचं.

सारंगखेड्याची यात्रा आली आणि गेली. मला कोणी विकलं नाही. दगा मुद्दाम विचारायचा, "भाऊ, भोवरा खोटा शे ना?" धनी नुसते खाकरायचे.

पुढं तीन श्रावण तापीबाई गायल्या. मग त्या गेल्या. पाठोपाठ ट्रान्झिस्टर आले, कळ दाबताच बडबडणारे. नवं मशीन कधीच मोडीत गेलं. मी घोडीच्या जुन्या खोगिराशेजारी माळ्यावर चढलो. माझे व्हॉल्व्ह म्हातारे झालेत, एकाची काच काळवंडली आहे. उंदरांनी वायर कुरतडली ती वेगळीच.

आज एकोणसत्तर सालची कानबाई. पहिली ओळ आता धन्याच्या बायकोची, सिंधुबाईंची. अंगणात त्यांचं गाणं चाललं होतं, आणि सुकलालभाऊ भिंतीला टेकून भलत्याच वेळी मान डोलवत होते. अलीकडे घरचे त्यांच्याशी ओरडून बोलतात. कुणी काहीही विचारलं तरी ते "हा, हा" म्हणतात आणि हसतात. आईचे कान लेकाला आले.

थोड्या वेळानं ते उठले आणि शिडी चढून माझ्यापाशी आले. धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली, बोटांनी पाठ चाचपली, तो भोवरा शोधला आणि त्यावर तळवा ठेवला. मी गारच होतो. त्यांनी माझ्या जाळीला कपाळ टेकलं.

"दगा!" त्यांनी हाक मारली. "बॅटरी आन. आनि बटन पुरं फिराव."

मला अंगणात उतरवून वायर जोडली आहे. बँजो मांडीवर घेऊन दगा बसला आहे. त्याचेही केस पिकलेत. सिंधुबाई गाणं थांबवून, पदर तोंडाला लावून उभ्या आहेत. धन्याचा हात माझ्या पाठीवर आहे आणि तो पुन्हा पुन्हा भोवरा दाबून पाहतोय. अजून काहीच लागत नाही म्हणून घाबरलाय तो.

हात काढू नका, धनी. जरा थांबा. मी तापतोय.