पिवळी खिडकी

"घरात रंगाचं काम कुणी करतं का?" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरची नजर न उचलता विचारलं.

"मी करतो की!" हे छाती पुढे काढून म्हणाले. यांना वाटलं, बाईंना दवाखाना रंगवून घ्यायचा असेल. "चाळीस वर्षं झाली. आपण एकदा हात मारला की दहा वर्षं बघायला नको."

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढून बोलणारे डॉक्टर मला मुळीच आवडत नाहीत.

"आजोबा, नातीच्या रक्तात शिसं निघालंय. बावीस. पाचच्या वर गेलं की आम्हाला काळजी लागते. शिसं मेंदूवर जातं. मुलं बोलण्यात, शिकण्यात मागे पडतात."

चिंगी माझ्या मांडीवर होती. दीड वर्षाची पोर. पोट धरून रडायची, घास तोंडात घ्यायची नाही. पण मला खरी भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. तिला पाच शब्द येत होते. त्यांतले दोनच उरले होते, आणि 'आबा' त्या दोनांत नव्हता.

बाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं, आणि गाडी आमच्या खिडकीवर येऊन थांबली. चिंगी जन्मली त्या आठवड्यात यांनी माळ्यावरून जुना डबा काढला होता. कुठल्याशा कारखान्याच्या कठड्याचा उरलेला पिवळाधमक ऑइलपेंट. "असा पिवळा आता शोधून मिळायचा नाही," म्हणत तिच्या खिडकीला दोन हात मारले. चिंगी उभं राहायला शिकली ती त्याच चौकटीला धरून. उभी राहायची आणि खालची पट्टी चोखत बसायची. आम्ही कौतुकाने बघायचो, दात येतायत म्हणून.

"शिशाचा रंग गोडसर लागतो, म्हणून मुलं तोंड लावतात," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही कामाच्या कपड्यांवर तिला उचलून घेता का?"

संध्याकाळी दारातूनच "कुठंय माझी चिंगी?" म्हणून ओरडायचं आणि भुकटीने माखलेल्या सदऱ्यावर तिला घ्यायचं, हा यांचा रोजचा नेम. जुना रंग खरवडून आलेला माणूस, दुसरं काय अंगावर आणणार?

"रंग काढा. पण ओला करून. कोरडा घासू नका, धूळ उडवू नका," बाईंनी दोनदा बजावलं. मी ऐकलं. यांनी ऐकलं नाही, कारण रंगातलं कुणी काही सांगावं हेच यांना सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे पॉलिश पेपर घेऊन खिडकीला भिडले. खर्र, खर्र, खर्र. घरभर पिवळी भुकटी.

"अहो, बाई म्हणाल्या होत्या ना, ओलं करून..."

"बाईंनी किती चौकटी घासल्यात? पाणी लागलं की लाकूड फुगतं. तू आपली शेगडीकडे बघ."

मी शेगडीकडे बघितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की कुठे तोंड उघडायचं आणि कुठे मिटायचं ते कळतं, असं मला वाटायचं. त्या दिवशी चुकीच्या जागी मिटलं. वर आणखी शहाणपणा केला: हे घासून उठले आणि मी कोरडा झाडू घेऊन सगळं घर झाडून काढलं. होती नव्हती ती धूळ अंथरुणापर्यंत पोचवली.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. एकतीस.

सूनबाई एरवी गरीब गाय. तिने घरी येऊन मुकाट्याने बॅग भरली. मुलगा दारात नुसता उभा. बायकोला अडवावं की बापाला ओरडावं, हे त्याला ठरवता येईना.

"आई, मी चिंगीला घेऊन माहेरी चालले," सूनबाई म्हणाली. "राग नाही कुणावर. पण हे घर साफ झाल्याशिवाय तिला इथे आणायची नाही. कधीच नाही."

मी यांच्याकडे बघितलं. आता भडका उडणार! पण हे खाली मान घालून म्हणाले, "बरोबर आहे तुझं, पोरी." आणि उठून तिची बॅग रिक्षापर्यंत पोचवून आले. चिंगीला हात लावला नाही. आपल्या हातांकडे बघितलं आणि मागे घेतले.

दुपारी मला न सांगता हे दवाखान्यात गेले. पुढचं डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं. हे आत जाऊन खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "बाई, मला शिकवा." ज्या माणसाने उस्तादाकडेही ब्रश कसा धरायचा ते विचारलं नव्हतं, नुसतं बघून उचललं होतं, तो माणूस!

मग तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं त्याला मी युद्धच म्हणेन. एकेक खोली घेतली. जमिनीवर प्लास्टिक, त्याच्या कडा टेपने चिकटवलेल्या. यांच्या तोंडाला डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला मास्क. बाटलीने पाणी फवारायचं, पत्तीने हळूहळू खरवडायचं, पुन्हा फवारायचं. निघालेला रंग जाड पिशवीत बांधून घातक कचऱ्याच्या गाडीत. आणि माझा झाडू? यांनी तो अंगणाबाहेर ठेवला आणि माझ्या हातात फडकं आणि दोन बादल्या दिल्या: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. "आधी हिच्यात बुडव, पूस, मग तिच्यात खळखळव. पाणी काळं झालं की बदल. कंटाळा केलास तर माझ्याशी गाठ आहे."

"वा!" मी म्हटलं. "कालपर्यंत पाण्याने लाकूड फुगत होतं!"

"फुगू दे. वाकडं झालं तर नवं बसवीन."

पिवळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा. सगळे यांच्याच हातचे. निळा आमच्या लग्नाच्या वर्षीचा. तो खरवडताना हे जरा थांबले, मीही थांबले. मग यांनी पाणी फवारलं.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नळ होता, तिथे आडोसा केला. कामावरून आलं की कपडे तिथेच झाकणाच्या पिंपात, अंघोळ तिथेच, मग घरात पाऊल. थंडीत दात वाजायचे यांचे, पण एक दिवस चुकवला नाही. शेवटी बाईंनी माणूस पाठवून खिडकीची, जमिनीची धूळ तपासून घेतली. घर साफ निघालं. तो कागद घेऊन हे स्वतः सूनबाईला आणायला गेले.

पुढचं वर्ष आम्ही आकड्यांवर काढलं. एकोणीस. बारा. आठ. शब्द परत येऊ लागले, पण 'आबा' काही येईना. हे म्हणायचे, "नसू दे. मी काय मंत्री आहे, नाव घ्यायला?" आणि तोंड फिरवायचे.

आज सकाळी पुन्हा तेच टेबल. बाईंनी चष्मा काढला.

"चार," बाई म्हणाल्या.

"किती?" हे ओरडले.

"चार, आजोबा."

"परत वाचा."

बाईंनी परत वाचलं. यांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं, मग बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांना सांगितलं, "चार! आमच्या नातीचं चार आलंय!" एका म्हाताऱ्याला वाटलं पोरीला परीक्षेत चार मार्क पडले. त्याने समजूत घातली, "पुढच्या वेळी येतील जास्त." हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचंच नव्हतं ते सगळं, मला काय कळत नाही?

घरी आल्या आल्या चिंगी धावत सुटली ती थेट तिच्या खिडकीकडे. खिडकीला अजून रंग नाही, नुसतं तासलेलं लाकूड. चौकटीला धरून उभी राहिली आणि जुन्या सवयीने खालच्या पट्टीला तोंड लावलं.

"चिंगी!" सूनबाई धावली. मुलगा धावला.

"थांबा," हे म्हणाले. "चावू दे. लाकूड आहे नुसतं. एकेक इंच माझ्या हाताखालून गेलाय."

आम्ही चौघे जागच्या जागी थांबलो. चिंगीने कचकन चावा घेतला. मग तोंड वेडंवाकडं केलं, थुंकली, आणि वळून यांच्याकडे रागाने बघत म्हणाली, "छी! आबा, छी!"

हे मटकन खाली बसले. चिंगी येऊन धुतलेल्या सदऱ्याला तोंड पुसून गेली.

उद्या खिडकीला पांढरा हात मारायचा आहे, शिसं नसलेल्या रंगाचा; डब्यावर तसं लिहिलंय. संध्याकाळी यांनी त्याची तयारी केली. रंग लागू नये म्हणून काचांना कागद लावले, कडांना टेप लावली. मग खालच्या पट्टीवर, जिथे दातांचे दोन बारीक खड्डे पडलेत, तिथे बोट फिरवलं आणि टेपचा एक तुकडा फाडून तेवढी जागा झाकून ठेवली.